वाचकांचे प्रश्न : हजारो वर्षांपूर्वी काय वाटलं ते दगडावरून कसं कळतं?

प्रश्न : आजीचा पाटा-वरवंटा हाय आमच्यात, मिक्सर आल्यापासनं परसात पडलाय. परवा भाचा सांगत होता की दक्षिण अमेरिकेतल्या इक्वाडोरमध्ये जुन्या वाटायच्या दगडांवर सहा हजार वर्षांपूर्वीची मिरची सापडली म्हणून. मला काय पटेना बगा. रात्री धुतलेल्या पाट्यावर सकाळी काय दिसत नाही, मग त्यांस्नी एवढ्या वर्षांनी कसं दिसलं?
– एक वाचक भगिनी, संकेश्वर

उत्तर : ताई, भाचा खरं बोलतोय, आणि मिरचीसाठी नाव असलेल्या गावातनं हा प्रश्न आला याचा मला खरंच आनंद झाला. सापडलं ते म्हणजे देठ नाही की बी नाही, मिरचीतल्या स्टार्चचे, म्हणजे पिठूळ पदार्थाचे कण. डोळ्याला दिसतच नाहीत ते, मायक्रोस्कोपच लागतो. आपण वरवंटा दाबून वाटतो तेव्हा हे कण दगडाच्या बारीक भोकांत आणि चिरांत घुसतात, वरनं पाणी मारलं तरी आतले निघत नाहीत, पुढं दगड मातीखाली गेला तरी कुजवणारे जंतू तिथपर्यंत नीट पोचत नाहीत म्हणून ते टिकतात. मात्र वाटलेलं कच्चं असेल तर, कारण पाण्यात शिजवलं की कण फुगतो आणि त्याचा आकार जातो, मग ओळख पटवणं अवघड.

आकारावरच सगळा खेळ आहे. बटाट्याचा कण मोठा, लांबट अंड्यासारखा, मक्याचा बराचसा कोनाकोनाचा, मिरचीचा चपटा आणि मधे जरा खोलगट. २००७ साली लिंडा पेरी या संशोधक आणि त्यांच्या सोबत्यांनी हा मिरचीचा कण बहामा बेटांपासून पेरू देशाच्या दक्षिणेपर्यंत सात ठिकाणी दाखवला, त्यात सगळ्यात जुने इक्वाडोरमधल्या लोमा आल्टा आणि रेआल आल्टो इथले, साधारण ६१०० वर्षांपूर्वीचे. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की मिरची आणि मका बऱ्याच ठिकाणी बरोबरच सापडतात, काही भागांत तर मातीची भांडी यायच्या आधीपासून. आपल्याकडं ही दोन्ही पिकं पोर्तुगीज आल्यानंतरची, म्हणजे तिकडं मिरची वाटायला लागून हजारो वर्षं झाली तेव्हा आपल्याकडं तिखटाला मिरी, पिंपळी असं काही होतं.

पेरूच्या डोंगरात वायनुना म्हणून जागा आहे, तिथल्या ३६०० ते ४००० वर्षांपूर्वीच्या एका घरात मक्याचं पीठ करत होते हे असंच कळलं. त्याच घरात आरारूटचे कण मिळाले, आणि आरारूट त्या थंड उंचीवर येत नाही, म्हणजे कुणीतरी खालच्या जंगलातनं ते मुद्दाम वर नेलं. नुसता दगड बघून हे कुणाला सांगता आलं असतं? टिटिकाका तलावाजवळ हिस्काइरुमोको इथं १४ दगडी अवजारांवर बटाट्याशी जुळणारे ५० कण मिळाले, इ.स.पू. ३४०० ते १६०० या काळातले. थंड ओल्या डोंगरात बटाट्यासारखं मऊ पीक सहसा कुजून जातं, त्यामुळं हा पुरावा मला फार मोलाचा वाटतो.

एक धोका आहे, आजचा स्टार्च. लॅबमधल्या हातमोज्यांच्या पावडरीतसुद्धा मक्याचा स्टार्च असू शकतो, म्हणून काळजीनं काम करणारे लोक दगडाभोवतीची माती, लॅबमधली धूळ सगळं वेगळं तपासून ताडून बघतात. ज्या शोधात हे केलेलं नाही त्यावर मी तरी विसंबणार नाही.

आणि पेरू-बोलिव्हियाकडं अजून दगडावर वाटतात बरं का. खाली मोठा सपाट दगड, त्याला बातान म्हणतात, वरचा अर्धचंद्रासारखा दगड दोन्ही हातांनी धरून डावीकडं-उजवीकडं डोलवायचा, वजनानंच वाटलं जातं. आपला वरवंटा पुढं-मागं ओढावा लागतो, त्यात खांदे जास्त भरून येतात.

पाटा टाकू नका ताई. घरात जागा नसेल तर अंगणात सावलीला ठेवा.

प्रश्न : दुकानात आता किनवा हे दक्षिण अमेरिकेतलं बारीक दाण्याचं धान्य मिळतं, धुतलं की साबणासारखा फेस येतो. भेसळ असते का? आणि तिकडचे जुने लोक कसं खात होते?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : भेसळ नाही दादा, फेस आणणारं ते द्रव्य म्हणजे सॅपोनिन, दाण्याच्या सालीतच असतं आणि कडू लागतं, त्यामुळं पक्षी सहसा दाण्याला तोंड लावत नाहीत. दक्षिण बोलिव्हियाच्या खेड्यांत किनवा जरा भाजून दगडी खळग्यात घालतात, त्यात पांढरी माती टाकून अनवाणी पायांनी तुडवतात, सालं सुटली की पाखडून धुतात. बायका तासन् तास हे करतात, फार कष्टाचं काम आहे. तुम्ही आपलं बारीक चाळणीत घेऊन फेस जाईपर्यंत नळाखाली चोळा.