ओळख काढण्याआधी एवढं ऐक

भाऊ, आंबियाची संत्री वरुडहून थेट पुण्याच्या गिऱ्हाईकाला विकायची म्हणून तू विकेंद्रित डिजिटल ओळख काढतोयस. काढ. पण हे काही दुसरं आधार कार्ड नव्हे; ही ओळख कुठलं सरकारी कार्यालय देत नाही, तुझी तूच तयार करतोस. मोबाईलच्या वॉलेटमध्ये, म्हणजे ही ओळख सांभाळणाऱ्या ॲपमध्ये, किल्ल्यांची (लांबलचक सांकेतिक आकड्यांची) जोडी तयार होते: खासगी किल्ली तुझ्यापाशी, सार्वजनिक किल्ली जगासाठी. डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने 2022 मध्ये याचं मानक मंजूर केलं.

नुसत्या ओळखीला मात्र काडीची किंमत नाही. अशा दहा ओळखी कोणीही पारावर बसून काढेल. वजन येतं दाखल्याने. तुमच्या शेतकरी कंपनीने तिच्या खासगी किल्लीने डिजिटल सही करून 'हा आमचा सभासद' असा दाखला दिला, तर गिऱ्हाईक कंपनीच्या सार्वजनिक किल्लीने ती सही तपासतो, फोनाफोनी न करता. दाखल्यात एक अक्षर बदललं तरी सही जुळत नाही. संत्री आंबट निघाली तर मात्र सही कामाची नाही, ते तुझं तू निस्तर.

किल्ली हरवली तर परत मिळवायला वॉलेट 12 किंवा 24 शब्द देईल. ते कागदावर लिही आणि कागद कपाटात ठेव. फोटो काढायचा नाही. सेतूवाला पोरगा कितीही घरचा असला तरी त्यालाही सांगायचे नाहीत. मोबाईल विहिरीत पडला आणि शब्दही गेले, तर तहसीलीत अर्ज करून काही परत मिळत नाही.

आणि हो, बहुतेक व्यापारी अजून आधारच मागतात. त्यांना मास्क्ड आधार दे, त्यात शेवटचे 4 आकडेच दिसतात. सातबारा मागितला तर आधी विचार, कशाला?