मॅडम, माझा ठोका चुकतोय

नर्सिंगच्या मुलींना हृदयाचा भाग शिकवणं सुरू झालं की माझ्याकडे हा प्रश्न हमखास येतो: "मॅडम, मलाच तर हार्टचं काही नाही ना?" मागे आलेली एक मुलगी तर झोपच हरवून बसली होती. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) रात्री पडल्या पडल्या मध्येच ठोका चुकायचा आणि पाठोपाठ छातीत धक्का बसायचा. बोटं सारखी मनगटावर. जो आजार वाचावा, तो आपल्यालाच.

अशा वेळी मी समजूत घालत बसत नाही, आधी तपासणी. चक्कर येऊन पडलीस का, जिना चढताना त्रास होतो का, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं का, हे विचारलं. सगळ्याला नाही म्हणाली, तरी तिला फिजिशियनकडे पाठवलं. हिमोग्लोबिन, थायरॉइड ठीक. ईसीजीत एक अवेळी ठोका दिसला, तसा तो निरोगी माणसातही सापडतो, असं त्यांनी सांगितलं.

"सगळं ठीक आहे, तर धक्का कसला?" तिचं म्हणणं रास्त होतं. उत्तर तिच्याच अभ्यासक्रमात होतं, म्हणून वही उघडायला लावली. अवेळी ठोका लवकर पडतो, तेव्हा जवनिका (हृदयाचा रक्त बाहेर ढकलणारा खालचा कप्पा) पुरती भरलेली नसते. रक्त कमी बाहेर पडतं, मनगटाला नाडी जेमतेम लागते. तोच 'चुकलेला' ठोका. मग लांबलेला विराम. तेवढ्यात जवनिकेत जास्त रक्त साठतं, स्नायुतंतू ताणले जातात आणि फ्रँक-स्टार्लिंगच्या नियमाप्रमाणे पुढचं आकुंचन जोरात होतं. हाच तो धक्का. परीक्षेसाठी घोकलेला नियम आपल्याच छातीत चालतो हे कळल्यावर तिनं आकृती स्वतः पुन्हा काढली. भीतीनं अ‍ॅड्रेनालिन वाढतं, त्यानं असे ठोके वाढू शकतात, हेही तिनंच बाजूला लिहिलं. नाडी वॉर्डात पेशंटची मोजायची, स्वतःची नाही, एवढं ठरलं.

जाता जाता म्हणाली, "रूममेटकडे मायग्रेनची प्रोप्रॅनोलॉल आहे. व्हायव्हाआधी, म्हणजे तोंडी परीक्षेआधी, दहा मिलिग्रॅमची एक घेऊ?" तिला लहानपणापासून दमा, बॅगेत पंप! मी तिला परत बसवलं. ही गोळी धडधड कमी करते खरी, पण हृदयातल्या बीटा-१ सोबत श्वासनलिकांमधले बीटा-२ रिसेप्टरही (पेशींवरच्या, अ‍ॅड्रेनालिन जिथे काम करतं त्या जागा) अडवते. दम्याच्या माणसाच्या श्वासनलिका त्यानं आवळल्या जाऊ शकतात, जिवावरही बेतू शकतं. शिवाय पंपातलं श्वासनलिका उघडणारं साल्ब्युटामॉल त्याच बीटा-२ वर काम करतं, म्हणजे ऐन वेळी तेही तोकडं पडणार. दुसऱ्याच्या डब्यातली गोळी मागण्याची सवय वसतिगृहात फार सहज चालते, आणि मला तिची खरोखर धास्ती वाटते.

व्हायव्हा तिनं गोळीविना दिली. हात थरथरले, उत्तरं मात्र आली. ठोका अजूनही अधूनमधून चुकतो. चक्कर आली किंवा चालता-धावताना धडधडलं, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जायचं, हे तिला पक्कं माहीत आहे.