काढताना आपले तेवढेच काढावे

नौपाडा, ठाणे

अनेक आशीर्वाद.

तुझा मेल मिळाला आणि सोबत पाठवलेली स्क्रिप्ट मी दोनदा वाचली. अनइन्स्टॉलर (आपले सॉफ्टवेअर काढून टाकणारी स्क्रिप्ट) चालवला की सर्व्हरवरचे रिमोट लॉगिन, म्हणजे दुरून आत शिरण्याची सोय, बंद पडते, ही ग्राहकाची तक्रार तुझ्याकडे आली आणि तू स्क्रिप्टच्या शेवटी फायरवॉलमध्ये (बाहेरून काय आत येऊ द्यायचे ते ठरवणाऱ्या पहाऱ्यात) २२ क्रमांकाचा पोर्ट, म्हणजे रिमोट लॉगिनचा नेहमीचा दरवाजा, उघडणारी एक ओळ घातलीस. लॉगिन सुरू झाले हे खरे. पण दोष होता तिथेच आहे, आणि ग्राहकाने विचार करून बंद ठेवलेला एक दरवाजा आपण त्याला न विचारता उघडून ठेवला आहे. ती ओळ आजच काढून टाक.

मूळ दोष त्या ओळीच्या बऱ्याच वर, जिथे तुझी नजर थांबली नाही तिथे आहे. आपले सॉफ्टवेअर बसवताना एसएसएचच्या, म्हणजे रिमोट लॉगिन देणाऱ्या सेवेच्या, कॉन्फिग फाइलची (सेटिंग लिहिलेल्या फाइलची) एक प्रत काढून ठेवली जाते आणि काढताना तीच प्रत मूळ जागी परत ठेवली जाते. लिहिणाऱ्याचा हेतू प्रामाणिक होता, कारण ‘जसे होते तसे करून देणे’ हे कोणालाही सभ्यपणाचेच वाटेल. परंतु ‘होते’ म्हणजे कधी होते, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला नाही. बसवण्याच्या आणि काढण्याच्या दरम्यान वर्ष-दीड वर्ष जाते, आणि तेवढ्या काळात सर्व्हर सांभाळणारा माणूस हात बांधून बसलेला नसतो. तो पोर्ट बदलतो, पासवर्डने होणारे लॉगिन बंद करतो, कोणाला आत येऊ द्यायचे त्याची यादी बदलतो, आणि फायरवॉलही त्याला जुळवून घेतो. आपला अनइन्स्टॉलर ही सगळी मेहनत एका ओळीत पुसतो. खोली सोडणाऱ्या भाडेकरूने आपला पंखा काढून न्यावा. आपण राहायला आलो त्या दिवशीचे जुने कुलूप शोधून दाराला लावू नये, कारण मधल्या काळात मालकाने नवे कुलूप लावून त्याच्या किल्ल्या घरच्यांना वाटलेल्या असतात.

हे मी इतक्या आग्रहाने सांगते, कारण अशीच एक रात्र मी काढली आहे. तेव्हा मी ज्या कंपनीत होते, तिच्या एका ग्राहकाचा सर्व्हर महापे येथील डेटा सेंटरमध्ये होता. जुलै महिना होता. रात्री साडेनऊच्या सुमारास मी घरून लॉगिन केले, असाच एक अनइन्स्टॉलर चालवला, ‘यशस्वीरीत्या काढले’ असा संदेश पाहिला, चार आज्ञा देऊन सगळे ठीक असल्याची खात्री केली आणि लॉगिनची खिडकी बंद केली. जेवण झाल्यावर पुन्हा लॉगिन करू लागले, तर नेहमीच्या पोर्टवर ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असे उत्तर आले. २२ वर प्रयत्न केला, तर काहीच उत्तर न येता बऱ्याच वेळाने ‘टाइम्ड आउट’ आले. शेवटी डेटा सेंटरला जायला निघाले. कळवा ओलांडून गेले, तर विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलेले होते आणि रिक्षावाला पुढे यायला तयार होईना. महाप्याला पोहोचले तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते, आणि ग्राहकाकडून प्रवेशाची परवानगी येईपर्यंत आणखी तासभर गेटवर थांबावे लागले. आत चाकांच्या गाडीवर ठेवलेला मॉनिटर आणि कीबोर्ड रॅकपर्यंत ढकलत नेला. जाळीच्या फरशीतून येणारा गार वारा भिजलेल्या ओढणीला लागत होता. वायर जोडून ती फाइल उघडली. तिच्यात पोर्ट २२ होता आणि फाइलची तारीख आदल्या वर्षीच्या मार्चची होती. ती तारीख दिसताक्षणी काय झाले असेल ते कळले. दुरुस्तीला चार मिनिटेसुद्धा लागली नाहीत.

या प्रसंगातल्या दोन गोष्टी नीट समजून घे. पहिली गोष्ट अशी, की अनइन्स्टॉलरने एसएसएच सेवा रिस्टार्ट केली तरी माझी उघडी खिडकी जिवंत राहिली, आणि त्यामुळेच मी फसले. जोडलेल्या प्रत्येक माणसासाठी वेगळी प्रोसेस चालू असते. मुख्य सेवा बंद होऊन पुन्हा सुरू झाली तरी नेहमीच्या लिनक्स वितरणांमध्ये त्या जुन्या प्रोसेसना धक्का लागत नाही. म्हणून चालू खिडकीत काम होते आहे, यावरून नवा माणूस आत येऊ शकेल असे मुळीच सिद्ध होत नाही. पहिली खिडकी उघडी ठेवून, दुसऱ्या खिडकीतून नव्याने लॉगिन करून पाहायचे आणि ते झाल्यावरच पहिली बंद करायची, ही सवय हाताला लागू दे.

दुसरी गोष्ट त्या दोन संदेशांची. ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे आपली हाक यंत्रापर्यंत पोहोचली, पण त्या पोर्टवर ऐकणारे कोणी नाही. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे बहुधा वाटेतल्या फायरवॉलने हाक गिळून टाकली. ‘परमिशन डिनाइड’ आले तर आपण दारापर्यंत पोहोचलो आहोत आणि अडचण किल्लीची, यादीची किंवा आतल्या तपासणीची आहे. त्या रात्री फायरवॉल नव्या पोर्टला वाट देत होता आणि सेवा जुन्या पोर्टवर बसली होती. हे दोन संदेश शेजारी ठेवून वाचले असते, तर घरी बसूनच निदान झाले असते, जरी दुरुस्तीसाठी जावेच लागले असते.

आता हा दोष तुमच्या टेस्टिंगमध्ये का सापडला नाही, ते पाहा. आपण चाचणीत सॉफ्टवेअर बसवतो आणि पाच मिनिटांनी काढतो. प्रत ताजी असते, त्यामुळे ती परत ठेवली तरी काहीच बिघडत नाही. म्हणून तुझ्या व्हर्च्युअल मशीनवर, जिथे कन्सोलची (एसएसएचशिवाय थेट आत जाण्याची) दुसरी वाट हाताशी आहे, चार वेळा नोंद घे. एसएसएचडीला (एसएसएचची मुख्य सेवा चालवणाऱ्या प्रोग्रामला) मोठ्या ‘टी’ या पर्यायासह चालवले की प्रत्यक्ष लागू होणारी सगळी सेटिंग छापून मिळतात. पहिली नोंद बसवण्याआधीची आणि दुसरी बसवल्यानंतरची. मग स्वतःच्या हाताने पोर्ट बदल, एक वापरकर्ता यादीत घाल, फायरवॉल त्याप्रमाणे कर आणि तिसरी नोंद घे. त्यानंतर अनइन्स्टॉलर चालवून चौथी. तिसऱ्या आणि चौथ्या नोंदीत फक्त आपल्या सॉफ्टवेअरने घातलेल्या ओळींचा फरक दिसला पाहिजे. त्यापलीकडे एक अक्षर जरी बदललेले असेल, तर स्क्रिप्ट अजून चुकते आहे.

दुरुस्ती अशी कर. ओपनएसएसएचच्या ८.२ या आवृत्तीपासून, म्हणजे फेब्रुवारी २०२० पासून, मुख्य कॉन्फिग फाइलमध्ये दुसऱ्या फाइली जोडून घेण्याची सोय आहे, आणि बहुतेक नव्या वितरणांत त्यासाठी वेगळी डिरेक्टरी तयारच असते. आपल्या ओळी तिथे आपल्या नावाच्या स्वतंत्र फाइलमध्ये ठेव. मग काढणे म्हणजे ती एक फाइल काढणे. मुख्य फाइलला हात लावण्याचे कारणच उरत नाही. जुन्या सर्व्हरवर ही सोय नसेल, तर आपल्या ओळींच्या आधी आणि नंतर खुणेच्या दोन टिपा घाल आणि काढताना त्या दोन खुणांमधलेच काढ. मात्र दोन्ही खुणा जागेवर आहेत का हे आधी तपास. सेड ही मजकूर बदलणारी आज्ञा वापरून सुरुवातीच्या खुणेपासून शेवटच्या खुणेपर्यंत पुसायला सांगितले आणि शेवटची खूण कोणी चुकून उडवलेली असली, तर ते फाइलच्या अखेरपर्यंत सगळे पुसत जाते. अशा वेळी काहीही न करता थांबावे आणि माणसाला स्पष्ट शब्दांत सांगावे.

फाइल बदलल्यावर सेवा लगेच रिस्टार्ट करू नकोस. आधी एसएसएचडीला लहान ‘टी’ देऊन फाइलची भाषा तपासून घे, कारण चुकीच्या फाइलवर रिस्टार्ट दिला तर सेवा उठतच नाही. ही तपासणी फक्त व्याकरणाची असते. पोर्ट चुकीचा आहे हे तिला कळत नाही. म्हणून सेवा आधी कोणत्या पोर्टवर ऐकत होती ते टिपून ठेव, रिस्टार्टनंतर पुन्हा पाहा, आणि फरक पडला असेल तर अनइन्स्टॉलर चालू होण्याच्या क्षणी होती ती फाइल परत ठेव. ‘यशस्वीरीत्या काढले’ हे वाक्य त्याच्याही नंतर छापावे.

पॅमचा, म्हणजे लॉगिन करणाऱ्याची तपासणी करणाऱ्या लिनक्सच्या यंत्रणेचा, भाग तू अजून उघडलेला दिसत नाही. आपले सॉफ्टवेअर या तपासणीत स्वतःचे एक मॉड्यूल (जोडभाग) घालते, आणि स्क्रिप्ट मॉड्यूलची फाइल आधी पुसते, पॅमच्या यादीतली त्याची ओळ नंतर. मध्येच स्क्रिप्ट अडकली तर ओळ राहते आणि मॉड्यूल नसते; ते आवश्यक म्हणून नोंदलेले असल्यास लॉगिन नाकारले जाते. किल्लीने येणारेही यातून सुटत नाहीत, कारण पॅम चालू असेल तर खात्याची तपासणी त्यांच्यासाठीही होते. क्रम उलटा कर: आधी ओळ, मग मॉड्यूल.

डिरेक्टरी पुसणारी ओळही बदल. तिच्यातले व्हेरिएबल (डिरेक्टरीचे नाव ठेवलेली जागा) रिकामे राहिले तर काय पुसले जाईल, ते कागदावर लिहून पाहा. २०११ साली बम्बलबी या लिनक्स प्रकल्पाच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये एक जादा स्पेस पडली होती आणि तेवढ्यामुळे लोकांची संपूर्ण ‘यूएसआर’ डिरेक्टरी, म्हणजे बहुतेक प्रोग्राम असतात ती जागा, पुसली गेली. व्हेरिएबल रिकामे असल्यास स्क्रिप्टने तिथेच थांबावे, अशी सोय स्क्रिप्ट चालवणाऱ्या शेलमध्येच आहे, ती वापर.

ग्राहकाकडे चालवताना एकाच सर्व्हरपासून सुरुवात कर, आणि चालवण्यापूर्वी ‘अ‍ॅट’ ही ठरल्या वेळी काम चालवणारी आज्ञा वापरून दहा मिनिटांनी चालू फाइल परत ठेवून सेवा रिस्टार्ट करणारे काम लावून ठेव. नवे लॉगिन झाले की ते काम रद्द करायचे. झाले नाही तर हात न लावता दहा मिनिटांनी वाट मोकळी होते. त्या जुलैच्या रात्री मी एवढे केले असते, तर मला घरातून बाहेर पडावे लागले नसते.

स्क्रिप्ट बदलून झाली की चारही नोंदींसह पाठव. तिसऱ्या आणि चौथ्या नोंदीतला फरक वेगळ्या फाइलमध्ये दे. मी सुरुवात तिथूनच करणार आहे.