उजेड दिसला तर झाळू नकोस

पोरी,

तुझा मेसेज रात्रीच वाचला. तेव्हाच उत्तर दिलं असतं तर तिरकं गेलं असतं, म्हणून सकाळचा चहा घेऊन शांतपणे लिहायला बसलोय. शांतपणा किती टिकतो बघू.

तू तीन गोष्टी विचारल्यास. चांदीचे दागिने हातानं घडवायचं सोडून कास्टिंगकडे, म्हणजे साच्यात ओतायच्या कामाकडे वळू का, त्या बुटीकवाल्या बाईंची कानातल्यांची ऑर्डर घेऊ का, आणि नोकरी सोडून घरीच बेंच टाकू का. मला हे तिन्ही प्रश्न एकाच ठिकाणाहून आलेले दिसतात. गुरुवारी स्टुडिओत तुझी कोंदणाची, खड्याभोवती बसवायची पट्टी वितळून तिचा मणी झाला, तिथून. ती पट्टी नीट बसली असती तर तू घरी जाऊन फोटो टाकला असतास आणि यातलं काहीच तुझ्या डोक्यात आलं नसतं. तेव्हा आधी पट्टीचं बोलू.

तू टॉर्च पेटवलास तेव्हा मी पलीकडच्या बेंचवर होतो. मुद्दामच बोललो नाही. पट्टीची टोकं तू कानसलीस, बोटांनी जुळवलीस, आणि मधे केसभर फट राहिली. ती तुला दिसली होती. दिसली नसती तर झाळीचा, म्हणजे सांधा जोडायला वितळवतो त्या धातूचा, तुकडा नेहमीपेक्षा मोठा कापला नसतास. वितळलेली झाळ फट भरून काढेल असा तुझा हिशोब होता. झाळ फट भरत नाही गं. दोन कडा एकमेकींना भिडलेल्या असतील तर ती आपसूक आत ओढली जाते. फट असली की एका काठावर गोळी होऊन बसते. मग आपण काय करतो, आच वाढवतो. हार्ड झाळ साधारण 745 अंशांना वितळायला लागते आणि 92.5 टक्क्यांची चांदी 800 च्या आसपास स्वतःच ढासळायला लागते. मधे उरले पन्नासेक अंश. जाड पत्र्याला ते पुरतात. तुझी पट्टी कागदासारखी पातळ, ती पत्र्याच्या कितीतरी आधी तापते, तिला कुठून पुरणार?

म्हणून सांधा उजेडाला धर. खिडकीशी जा, डोळ्याजवळ ने, पलीकडून उजेड दिसतोय का बघ. दिसला तर झाळायचं नाही. टोकं एकमेकांना भिडवून दाबून धर आणि त्या रेषेतूनच करवतीचं पातं एकदा खाली ने. दोन्ही कडा एकाच पात्यानं कापल्या गेल्या की त्या समांतर होतात. टोकं जरा एकमेकांच्या पुढे नेऊन मग मागे आण, म्हणजे पट्टी आपल्याच ताणानं मिटून राहील. परत उजेडाला धर. परत दिसला? परत कर. टाकणखार, झाळ, आग हे सगळं त्याच्या नंतर.

हे मी तुला आधीही सांगितलंय आणि तू दर वेळी मान डोलावलीस.

माझ्या वडिलांकडे नॉबवर कमी-जास्त होणारा टॉर्च नव्हता. बागेसरीत, म्हणजे सोनाराच्या शेगडीत निखारे आणि तोंडात फुंकणी. गाल फुगवून, नाकानं श्वास घेत, ज्योत सलग ठेवायची. आच वाढवायची म्हणजे छातीतून वाढवायची, त्यामुळे फटीवर आग ओतायची चैन त्यांना परवडणारी नव्हती. सांधा आधीच बसलेला असायचा. जुन्या ठुशीचा किंवा साजाचा जोड भिंग लावूनही सापडत नाही, त्यामागे हे साधं कारण आहे.

ते मुळात सोन्याचे कारागीर. जानेवारी 1963 मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं, चौदा कॅरटच्या वर नवा दागिना घडवायला बंदी झाली, आणि बावीस कॅरटवर हात बसलेले सोनार महाराष्ट्रभर रिकामे झाले. वडील चांदीकडे वळले ते तेव्हा. पुढे 1968 मध्ये सुवर्ण नियंत्रणाचा कायदाच झाला, तो रद्द झाला 1990 मध्ये. तोवर त्यांची नजर गेली होती. मी चांदीवाला आहे तो आवडीनं नाही, हे तुला सांगायचं राहिलं होतं. आवड नंतर लागली. तुम्ही लोक आधी आवड शोधता आणि मग सहा महिन्यांत ती हरवली म्हणून घाबरता.

आता कास्टिंग. माझा त्याला विरोध आहे असं स्टुडिओत पसरलंय, ते खोटं आहे. मेणाचा नग करायचा, त्याभोवती प्लास्टर ओतायचं, भट्टीत मेण जाळून टाकायचं, त्या पोकळीत धातू सोडायचा. ही कल्पना फार जुनी आणि फार हुशारीची आहे. रविवार पेठेत एकाच दांड्यावर, त्याला झाड म्हणतात, पन्नास अंगठ्या लागलेल्या मी पाहिल्यात. पण मेणाचे एकसारखे नग काढायचा रबराचा साचा ज्या पहिल्या नगावरून, मास्टरवरून निघतो तो नग कुणीतरी घडवलेला असतो. तो तू केलास आणि त्यात फट राहिली, तर पन्नास अंगठ्यांत पन्नास फटी. कॉम्प्युटरवर काढलेल्या नगात फट नसेल, मान्य. तो साफ करताना, त्याला कडी झाळताना, गिऱ्हाइकानं माप वाढवून मागितलं तर तो कापून मधे तुकडा घालताना काय करशील? तिथेही सांधाच आहे.

माझा चुलतभाऊ कास्टिंगमध्ये गेला. त्याचा फ्लॅट मोठा आहे, गाडी आहे. माझ्याकडे दुखणारे अंगठे आहेत. कोल्ह्याला द्राक्षं आंबट, असं तुझ्या मनात आलंच असेल. येऊ दे. त्याला अवघड मास्टर लागला की तो माझ्याकडे यायचा आणि मी तो करून द्यायचो. पैसे कमीच द्यायचा, तरी मी नाही म्हणालो नाही. त्याच्या कारखान्यातल्या कुणाचा सांधा उजेडाला धरल्यावर टिकत नव्हता आणि माझा टिकत होता. हे पुरेसं कारण होतं का? मला तेव्हा होतं, अजूनही आहे. बायकोला विचारलंस तर ती वेगळं सांगेल.

एक गोष्ट मात्र टोचते. इतकी वर्षं माझे नग दुकानांच्या नावानं गेले. कुणाच्या हातात माझी पाटली आहे, कुणाच्या पायात माझे पैंजण, आणि त्यावर मी कुठेच नाही. तू पहिल्या विकाऊ नगाच्या आधी स्वतःचा छोटा ठसा करून घे, दोन अक्षरांचा. आणि ज्या नगातून उजेड दिसतो त्यावर तो मारू नकोस.

घरी बेंच टाकायचं म्हणतेस. तुझ्या बाल्कनीत? बाजारात मिळणाऱ्या काही झाळींत कॅडमियम असतं. केडीएमच्या पाट्या आठवतात ना सराफांच्या दुकानांवर, तेच. कॅडमियम 767 अंशांना उकळतं, म्हणजे आपण झाळतो त्याच आचेला धूर होऊन नाकात जातं. स्टुडिओत निदान ओढणारा पंखा आहे आणि झाळ कुठली आणायची यावर भांडणारा मी आहे. बाकी तुझ्या तक्रारी मला ठाऊक आहेत: फ्लेक्स शाफ्टसाठी, त्या लवचीक दांड्याच्या ड्रिलसाठी, नंबर लावावा लागतो, कुणीतरी आम्लाच्या भांड्यात लोखंडी चिमटा बुडवतो आणि मग सगळ्यांची चांदी गुलाबी होऊन निघते. (आम्लात उतरलेलं तांबं लोखंड आत गेलं की चांदीवर चढतं. तांब्याचा चिमटा तिथेच दोरीला बांधून ठेवलाय, तरी हे चालू आहे. कोण करतं मला माहीत आहे.) पण सोनारानंच कान टोचावे म्हणतात. घरी एकटी बसलीस तर सांध्याला कोण नावं ठेवणार? आई तर छानच म्हणेल.

आणि तांब्यावर सराव कर, चांदी ठेवून दे. किलोला लाखाच्या वर गेलेला धातू शिकण्यासाठी जाळू नये. फक्त एक ध्यानात ठेव: तांबं 1085 अंशांपर्यंत टिकतं, त्यामुळे ते तुझे लाड करतं. जास्त आग दिलीस तरी काही बोलत नाही. तांब्यावर जमलं म्हणून फुशारून चांदीवर गेलीस की परत गुरुवार. तेव्हा तांब्यावरही सांधा उजेडाला धर, तिथे तर जास्तच.

तुझ्या अंगठ्या घट्ट होतात तेही आताच सांगून टाकतो. नरहरी सोनारांचा करगोटा माप घेऊनही विठोबाला बसेना, कारण समोर देव होता. तुझ्या बाबतीत देव नसतो, तू पत्र्याची जाडी धरलेली नसते. आतला व्यास 17 मिलिमीटर आणि पत्रा दीड मिलिमीटर असेल तर साडेअठराला 3.14 नं गुणायचं, पट्टी 58 मिलिमीटर. तू सतराला गुणतेस, पट्टी जवळजवळ पाच मिलिमीटर आखूड पडते, मग ओढून जुळवतेस, आणि ओढून जुळवलेला सांधा ताव मिळाला की उघडतो.

ऑर्डरचं. त्या बाईंना आज हो म्हणू नकोस आणि नाहीही म्हणू नकोस. नमुन्याला महिना लागेल म्हण. तेवढ्यात एक जोड कर, मागून, पुढून, कडीपाशी उजेडाला धरून बघ, आणि किती वेळ गेला ते वहीत लिही. घडणावळ ग्रॅमवर ठरवू नकोस. ती रीत वजनदार नगांची. चार ग्रॅमच्या कानातल्यांवर ग्रॅमचा दर लावलास तर करवतीच्या पात्यांचे पैसेही सुटणार नाहीत, आणि पाती तू किती मोडतेस ते मी बघतो. तास धर, धातू वेगळा धर, वाया गेलेलाही धर. आकडा ऐकून बाईंचा चेहरा पडला तर पडू दे. त्यांनी कमी करायला सांगितलं तर नग हलका करून दे, सांधा हलका करू नकोस.

नोकरीबद्दल मला विचारू नकोस. मी कधी केलीच नाही.

शनिवारी येताना 24 गेजची तांब्याची पट्टी आण, बोहरी आळीत मिळेल. अकराच्या आत ये, दुपारनंतर त्या खिडकीत उजेड नसतो. तुझा चांदीचा किस-चुरा एका डबीत जमव, तांब्यापितळेच्या किसात मिसळू देऊ नकोस, तो चुरा विकत घेणारा झारेकरी आला की मिसळलेल्याचा भाव पाडतो आणि मग मलाच त्याच्याशी वाद घालावा लागतो.

काका