आंट जेमायमा म्हणजे जेमायमा मावशी?

जुन्या अमेरिकी जाहिरातींवरील लेखाचा अनुवाद करताना ‘आंट जेमायमा’ (पॅनकेकच्या पिठाच्या पाकिटावरची कृष्णवर्णीय बाई) आणि ‘अंकल बेन’ (तांदळाच्या पाकिटावरचा कृष्णवर्णीय माणूस) यांना ‘जेमायमा मावशी’ आणि ‘बेनकाका’ म्हणावे का, आणि ही संबोधने आदराची असतील तर ती 2020 नंतर का बदलली, असे आपण विचारले आहे. माझ्या मते मावशी-काका करू नये, कारण या ‘आंट’मध्ये नाते नाही आणि आदरही फारसा नाही.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत गोरी माणसे वयस्क कृष्णवर्णीयांना, आधी गुलामगिरीत आणि नंतरही कित्येक दशके, ‘आंट’ किंवा ‘अंकल’ म्हणत, ते ‘मिसेस’ आणि ‘मिस्टर’ ही गोऱ्यांसाठी राखलेली संबोधने त्यांना द्यावी लागू नयेत म्हणून. आडनावाचा प्रश्नच नसे. हा भेद किती पक्का होता, हे कृष्णवर्णीय नागरी हक्क कार्यकर्त्या मेरी हॅमिल्टन यांच्या खटल्यावरून कळते. अलाबामातील न्यायालयात वकिलाने नुसते ‘मेरी’ म्हटले, म्हणून त्यांनी उत्तर द्यायचे नाकारले, तर न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्यांना शिक्षा झाली. ती 1964 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली.

जेमायमा हे नाव 1889 मध्ये मिसूरीतील सेंट जोसेफ येथे पॅनकेकच्या तयार पिठाला दिले गेले आणि ते आले मिन्स्ट्रेल खेळांतल्या एका गाण्यावरून. म्हणजे, गोरे नट तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करत, त्या प्रकारच्या खेळांतून. पुढे 1893 च्या शिकागो प्रदर्शनात पिठाच्या अवाढव्य पिंपाच्या आकाराच्या दालनात, केंटकीत गुलामगिरीत जन्मलेल्या नॅन्सी ग्रीन या जेमायमा बनून पॅनकेक भाजत आणि मळ्यावरच्या सुखी दिवसांच्या गोष्टी सांगत. त्यांना आडनाव होते. पाकिटावरच्या बाईला कधीच मिळाले नाही. 1989 मध्ये चित्रातला डोक्याचा रुमाल जाऊन कानांत मोत्यांच्या कुड्या आल्या, तरी ‘आंट’ हा शब्द तेवढा राहिला. अंकल बेनचेही तेच: 2007 च्या जाहिरातींनी त्याला कंपनीचे अध्यक्षपद बहाल केले, पण ‘मिस्टर’ काही केले नाही. अखेर 2020 मध्ये ‘बेन्स ओरिजिनल’ हे नवे नाव जाहीर झाले, आणि पॅनकेकचे पीठ 2021 पासून मूळ गिरणीच्या, ‘पर्ल मिलिंग कंपनी’च्या नावाने विकले जाऊ लागले.

आपल्याकडेही घरकाम करणाऱ्या बाईंना ‘मावशी’ म्हणतात आणि मालकीणबाईंना ‘मॅडम’, तेव्हा चढउतार मराठीत मुळीच नाही असे म्हणवत नाही. तरीपण आपण शेजारणीला, आईच्या मैत्रिणीला, वेळप्रसंगी डॉक्टरीणबाईंनाही मावशी म्हणतो. दक्षिणेतली ही ‘आंट’ मात्र एका वर्णापुरती होती, म्हणून मराठी शब्दातली माया तिला उसनी देणे चुकीचे ठरेल. ‘आंट जेमायमा’ तसेच ठेवून पहिल्या उल्लेखापाशी दोन ओळींची टीप द्यावी.

आपण विचारलेले नाही, तरी एक सुचवतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या जाहिरातींत जेमायमाच्या तोंडी ‘आय्झ इन टाउन, हनी’ असे वाक्य असे, आणि त्यातली मोडकी इंग्रजी गोऱ्या ग्राहकांना हसू यावे म्हणून जाहिरात लिहिणाऱ्यांनीच घडवलेली होती. अनुवादात तिच्या जागी वऱ्हाडी किंवा मालवणी घालण्याचा मोह होईल, पण त्याने एका समाजाची थट्टा दुसऱ्याच्या माथी मारली जाईल. ‘मी गावात आलेय गं’ इतके साधे पुरे.