भावाबहिणीला एकच प्रसंग वेगवेगळा आठवतो, तर खोटं कोण बोलतंय?

बहुतेक वेळा कोणीच नाही. मेंदू आठवण दर वेळी नव्याने जुळवतो आणि त्यात नंतर ऐकलेलं, फोटोत पाहिलेलंही मिसळतं. घरात तर एकच किस्सा दर सणाला निघतो, मग तो नक्की कोणाच्या बाबतीत घडला हेच धूसर होतं. 2001 मध्ये जुळ्या भावंडांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात काही प्रसंगांबद्दल दोघंही ‘हे माझ्याच बाबतीत घडलं’ असं सांगत होती!

अमेरिकेत आठवणींवर संशोधन करणाऱ्या एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांनी 24 जणांना घरच्यांकडून मिळवलेले तीन खरे प्रसंग दिले आणि चौथा बनावट, तोही घरच्यांनीच सांगितल्यासारखा: लहानपणी तुम्ही मॉलमध्ये हरवला होतात. जवळपास पाव लोकांना तो पूर्ण किंवा थोडाफार ‘आठवला’. घरच्यांच्या नावाने आलेलं आपण किती चटकन मानतो, हे मला यात सर्वात महत्त्वाचं वाटतं.

पण बाकीच्यांना तो आठवला नाही, हेही ध्यानात ठेवा. बहीण लहानपणी मार खाल्ल्याचं सांगत असेल, तर ‘तुला भास होतोय’ म्हणून तिला गप्प करायला हे संशोधन वापरणं सरळ अन्याय आहे. तपशील चुकला तरी भीती खरी असू शकते.

वाद वाटणीचा असेल, ‘बाबा शेत मला देणार होते’ असा, तर मात्र आठवणीवर भांडू नका. मृत्युपत्र, सातबारा, जुनी पत्रं काढा. इतर प्रसंग दोघांनी आधी वेगवेगळे लिहून काढा आणि मगच एकमेकांना वाचून दाखवा.