किराणा कुठून घ्यायचा, आधी एवढं ठरव

अगं, किराणा घेताना सगळी तत्त्वं एकदम पाळायला जाऊ नकोस, महिन्याभरात दमशील आणि परत किराण्याच्या ॲपवर येशील. एकच पकड. मी पैसा थेट शेतकऱ्याला मिळावा एवढंच धरलं, म्हणून भाजी आठवडे बाजारातून आणि इंद्रायणी तांदूळ मावळातल्या एका शेतकऱ्याकडून 50 किलो एकदम घेते, कोठीत कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवते, छान टिकतो. डाळी-साखर पुण्यातल्या टिळक रोडच्या ग्राहक पेठ या दुकानातून, कारण ती ग्राहक चळवळीतून उभी राहिलीये आणि मला ते खरंच मोलाचं वाटतं. कोपऱ्यावरच्या वाण्याला मात्र सोडू नकोस हां, लॉकडाऊनमध्ये त्यानेच दारात पीठ आणून दिलं होतं. आणि कुठेही घे, वजन करायच्या आधी काटा शून्यावर आहे ना ते बघ.